साक्यावर मुरलेली वाइन

साक्यावर मुरलेली वाइन म्हणजे अशी पांढरी किंवा स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन जी आंबून झाल्यावर लगेच गाळत नाहीत, तळाशी बसलेल्या मेलेल्या यीस्टसोबत काही महिने, कधी कधी काही वर्षं तशीच राहू देतात. फ्रेंच लोक याला सूर ली म्हणतात, इंग्रजीत या गाळाला लीज. मराठीत साका हा शब्द तयारच आहे. कुरडयांसाठी भिजवलेला गहू वाटून चीक ठेवला की रात्रीत खाली घट्ट साका बसतो आणि वर निवळी राहते, वाइनच्या टाकीत साधारण तसंच होतं, फक्त कुरडईला आपण निवळी ओतून देतो आणि साका ठेवतो, इथे शेवटी नेमकं उलटं.

सगळाच साका कामाचा नसतो. सालांचे तुकडे, गर वगैरे असलेला जाडा गाळ लवकर काढून टाकतात नाहीतर वाइनला कुबट वास धरतो. मागे उरतो तो बारीक साका, त्यात मुख्यतः यीस्टच असतं. साखर संपली की यीस्ट मरतं आणि त्याचीच एन्झाइम्स त्याच्या पेशी आतून विरघळवायला लागतात, याला ऑटोलिसिस म्हणतात. त्यातून मॅनोप्रोटीन्स (यीस्टच्या पेशीभिंतीतली प्रथिनं), अमिनो आम्लं असं बरंच काही वाइनमध्ये उतरतं, तिला अंग येतं, आंबटपणाची धार जरा बोथट होते. शिवाय हा साका ऑक्सिजन शोषून घेतो, म्हणजे गंमत बघा, गाळ तसाच ठेवल्यामुळे वाइन उलट ताजी राहते. पण जास्तच बंद राहिली तर सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो, म्हणून फ्रान्सच्या बरगंडी भागात शार्दोने द्राक्षाच्या वाइनच्या पिंपात काठी घालून साका ढवळतात, त्याला बातोनाज म्हणतात. अति ढवळलं की वाइन जड होते, त्यामुळे हल्ली बरेच जण हात आखडता घेतात.

बिनबुडबुड्यांच्या वाइनमध्ये याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे फ्रान्समध्ये लुआर नदीच्या मुखाकडे, नांत शहराजवळ होणारी म्युस्कादे. द्राक्ष मेलोन द बुर्गोन्य, मुळात फारसा वास नसलेलं. लेबलवर सूर ली लिहायचं तर वाइन अख्खा हिवाळा साक्यावर राहायला हवी आणि पुढच्या वर्षीच्या 1 मार्चच्या आधी बाटलीत भरायची नाही असा नियम आहे. थेट साक्यावरून भरल्यामुळे थोडा कार्बन डायऑक्साइड आत राहतो आणि पहिल्या घोटाला जिभेच्या टोकाला अगदी बारीक चुरचुर होते, सोडा नाही, नुसती चाहूल.

शॅम्पेनमध्ये हाच प्रकार बाटलीच्या आत होतो. तयार वाइनमध्ये लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात, ती आत पुन्हा आंबते, दाब 6 अ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास जातो, म्हणजे कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त, आणि साका बाटलीतच बसतो. साध्या शॅम्पेनला एकूण किमान 15 महिने तळघरात काढावे लागतात, त्यातले 12 साक्यावर, विंटेज, म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांची असेल तर किमान 3 वर्षं. मग बाटल्या भोकं पाडलेल्या तिरक्या लाकडी फळीवर लावून रोज थोड्या फिरवत हळूहळू उलट्या करतात, की साका घरंगळत बुचापाशी येतो. ही युक्ती 19व्या शतकाच्या सुरुवातीला शॅम्पेनचा धंदा चालवणाऱ्या मादाम क्लिको यांच्या तळघरात निघाली, आता बहुतेक ठिकाणी मशीन करतं. शेवटी बाटलीचा गळा गोठवून बूच काढलं की साक्याचा गोळा दाबाने फाडकन बाहेर उडतो. प्रोसेको या इटालियन स्पार्कलिंगचं दुसरं आंबवणं मोठ्या टाकीत होतं आणि ती साक्यावर फार थांबत नाही, म्हणून तिच्यात नाशपाती-सफरचंद जास्त आणि पाव कमी.

पाव म्हणजे खरंच पाव. साक्याचा ओळखीचा वास म्हणजे आंबलेली कणीक, भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाचं वरचं कवच, जरा जास्त मुरली तर नानकटाई, भाजलेले काजू. पण हा वास यायला साधारण दीड वर्ष तरी लागतं आणि लोक इथेच फसतात. लोण्याचा, सायीचा वास आला की साका असं ठोकून देतात, तो खरं तर मॅलोलॅक्टिकमधून येतो, आंबट मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्ल होताना. व्हॅनिला, खोबरं असेल तर ते ओकच्या पिंपाचं. आणि जुन्या शॅम्पेनमधला टोस्ट, कॉफी हा सगळा साक्याचा नसतो, साका काढल्यानंतर बाटलीत वर्षानुवर्षं जे होतं त्याचाही त्यात वाटा असतो.

म्हणून माझ्या मते साका नाकाने नाही, आधी जिभेने शोधावा. घोट घ्या, लगेच गिळू नका, गालांत फिरवा. पातळ आंबट पाण्यासारखी निसटते की तांदळाच्या पेजेची निवळ असते तशी जिभेवर किंचित अंग धरते? गिळल्यावर थोडा खारट, मटणाच्या बिनमसाल्याच्या रश्शासारखा भास राहतो का? स्पार्कलिंग असेल तर बुडबुडे टोचतात की मलईसारखे फुटतात हेही बघा. 8 ते 10 अंशांना द्या, त्याहून थंड केली तर पावाचा वास झोपतो. आणि ते उंच बारीक ग्लास फोटोपुरते ठेवा, साधा पांढऱ्या वाइनचा ग्लास घ्या.

आपल्याकडे बाटलीत आंबवलेली स्पार्कलिंग नारायणगावला 1980च्या दशकात सुरू झाली, आता सुला, यॉर्क असे नाशिककर ती करतात, बरीचशी शेनँ ब्लाँ या द्राक्षापासून. यांत बहुतेक वेळा फळ पुढे आणि पाव मागे असतो. तुलना करायची तर नाशिकची एक ब्रूट (कमी गोड स्पार्कलिंग) आणि एक म्युस्कादे शेजारी ठेवा, सोबत तिसऱ्या (शिंपले) किंवा कालवं असतील तर सोन्याहून पिवळं. फक्त दुकानात ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असलेली पांढऱ्या काचेची बाटली उचलू नका, मी एकदा उचलली होती, घरी उघडली तर पाव राहिला बाजूला, उकडलेल्या कोबीचा वास. उजेड लागल्यावर असंच होतं.