ग्रामण्य, चहापासून लाइकपर्यंत

जून २०२५ च्या अखेरीस मीरा रोडला जे झालं त्याची सुरुवात पिण्याच्या पाण्यापासून झाली. मिठाईच्या दुकानात काही राजकीय कार्यकर्ते पाणी घ्यायला आले. मराठी बोलण्यावरून दुकानदाराशी शब्दाला शब्द वाढला, कानशिलात बसल्या आणि हे सगळं मोबाइलमध्ये चित्रित झालं. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला. ८ जुलैला मराठीच्या बाजूने मोर्चा निघाला. त्याला परवानगी नव्हती, पहाटेपासून धरपकड झाली, तरी लोक आलेच. पाठोपाठ पोलीस आयुक्तांची बदली झाली. ठाणे जिल्ह्यातल्या एका दुकानातली बाचाबाची दहा-बारा दिवसांत दिल्लीच्या चॅनेलांवरची रात्रीची चर्चा होऊन बसली.

‘एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय?’ असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. पण पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या शासन निर्णयावरून एप्रिलपासून राज्य तापलेलं होतं आणि सरकारने तो निर्णय २९ जूनला, म्हणजे याच सुमारास, मागे घेतला होता. तेल आधीच ओतलेलं होतं, दुकानातली झटापट ही नुसती वात. क्षुल्लक बातम्यांवरून उठणाऱ्या गदारोळाचा माग काढायला बसलं की पहिली अडचण हीच येते, की क्षुल्लक म्हणायचं कशाला? मारहाण क्षुल्लक नव्हती आणि भाषेचा प्रश्न तर नव्हताच. या दोन्हींमधलं अंतर ज्या वेगाने कापलं गेलं, तो वेग नवा होता.

गदारोळ मात्र जुना. मराठीत त्याला पूर्वीपासून शब्द आहे, ग्रामण्य. कुणी जातीचा आचार मोडल्याची तक्रार व्हायची, ज्ञातिबांधव जमायचे, पंगतीतून उठवलं जायचं, आणि प्रायश्चित्त होईपर्यंत त्या घरची लग्नं-मुंजी अडून राहायच्या. पेशवाईत प्रभू ज्ञातीवर झालेली ग्रामण्यं प्रसिद्ध आहेत. पण छापखाना आल्यावर ग्रामण्याचं काय झालं, हे पाहायचं तर १८९० सालच्या पुण्यात जावं लागतं. ज्याने ते घडवलं तो माणूस आपल्याला अगदीच परका नाही.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि पुण्यातली बरीच प्रतिष्ठित मंडळी हजर होती. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात धरला, काहींनी शिवलाही नाही. विषय तिथेच संपायचा. तो संपला नाही, कारण गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावनिशीवार यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. हे तेच गोपाळराव, डॉ. आनंदीबाई जोशींचे पती. आनंदीबाई कल्याणच्या जोशांची मुलगी आणि गोपाळराव पोस्टातले कारकून, म्हणून त्या घराशी ठाणे जिल्ह्याचं नातं. पुण्यातल्या सुधारकांचं पाणी जोखायची त्यांना हौस होती. त्यांना आजच्या भाषेत ट्रोल म्हणायचा मोह मी आवरतो, पण त्यांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती. ‘मिशनऱ्यांकडे काही ब्राह्मण चहा प्यायले’ एवढ्याने कुणी हललं नसतं. नावं छापली आणि पुणं उभं-आडवं पेटलं.

सनातन्यांनी प्रकरण शंकराचार्यांकडे नेलं. त्यांनी १८९२ मध्ये चौकशीसाठी दोन शास्त्री नेमले. साक्षीपुरावे झाले, धर्मशास्त्राचा कीस पडला. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारकांच्याच शिव्या खाल्ल्या. चहाच्या पेल्यातलं वादळ असं आपण सहज म्हणतो. इथे पेला खरा होता आणि वादळ सुमारे दोन वर्षं चाललं.

दोन वर्षं हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या काळी चिडणं महाग पडे. तक्रार करणाऱ्याला तक्रारीला चिकटून राहावं लागे, शास्त्र्यांसमोर उभं राहावं लागे. ज्याच्यावर बहिष्कार घालायचा तो बहुधा व्याही नाही तर शेजारी असे, त्यामुळे त्याची झळ आपल्याही चुलीपर्यंत येई. छापणाऱ्याला तर याहून महाग पडे. ‘केसरी’ १८८१ मध्ये सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढत होते. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय या बातमीवर सगळा महाराष्ट्र खवळला होता. ज्या पत्रांच्या आधारावर दिवाण बर्वे यांच्यावर आरोप छापले ती बनावट निघाली आणि संपादकांना शिक्षा झाली. संताप खरा, कागद खोटे, आणि भरपाई छापणाऱ्याने केली.

ठाणं या सगळ्यात बघ्याच्या भूमिकेत नव्हतं. इथून १८६६ पासून ‘अरुणोदय’ निघत होता, पुढे ‘हिंदू पंच’ हे विनोदी साप्ताहिकही निघालं. देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा सरकार दर आठवड्याला करवून घेत असे. आजचा टीआरपीही, म्हणजे वाहिन्यांच्या प्रेक्षकसंख्येचा आकडा, आठवड्यालाच येतो. लोक कशावर चिडलेत हे त्या काळी सरकारला हवं असायचं, आता जाहिरातदाराला हवं असतं.

मधला मोठा काळ मी उडी मारून ओलांडतो. स्वातंत्र्यलढा, संयुक्त महाराष्ट्र, आणीबाणी हे संताप क्षुल्लक नव्हतेच, आणि आकाशवाणी-दूरदर्शन सरकारी असल्यामुळे किरकोळ गोष्टीला तिथे जागाही नव्हती. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही वार्ता देशभर पसरली तेव्हा चोवीस तासांची हिंदी-मराठी वृत्तवाहिनी एकही नव्हती. ती पसरली फोनवर, एसटीडी बूथवरून. माणसं तांब्या-पेला घेऊन देवळापुढे रांगेत उभी राहिली. पृष्ठताणाचं स्पष्टीकरण दुसऱ्या दिवशी पेपरात आलं तेव्हा दूध वाहून गेलं होतं.

खरा बदल २००६-०७ च्या सुमाराचा. जुलै २००६ मध्ये हरियाणात पाच वर्षांचा एक मुलगा कूपनलिकेत पडला आणि त्याला बाहेर काढेपर्यंतचे जवळपास पन्नास तास देशाने थेट पाहिले. कॅमेरा एका खड्ड्याकडे वळवून ठेवला तरी लोक खिळून बसतात, हे वाहिन्यांना त्या दिवशी कळलं. पुढच्याच महिन्यात माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरून नेत होते, महापालिका पिऊ नका म्हणून सांगत होती, आणि पडद्यावर दोन्ही दृश्यं शेजारी-शेजारी. २००७-०८ मध्ये झी २४ तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत ओळीने आले. आता मराठीतही दिवसाचे चोवीस तास भरायचे होते.

भरायचे कशाने? ठाणेकरांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वाहिन्यांची मुख्य कार्यालयं मुंबईत. थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन गडचिरोलीला पोचायला दिवस जातो, तीन हात नाक्याला किंवा वाशीला तासाभरात पोचते. त्यामुळे आपल्या सोसायटीतली पार्किंगची मारामारी, आपला खड्डा, आपल्या लिफ्टमधला कुत्रा ‘महाराष्ट्राची’ बातमी होतो आणि मेळघाटातलं बाळ होत नाही. यात कुणाचा कट नाही, डिझेलचा हिशेब आहे. वार्ताहराला बाईट मिळतो, स्टुडिओला दृश्य मिळतं, खालच्या पट्टीवर ‘ब्रेकिंग’ धावतं.

२० फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे ठाण्याच्या कोरम मॉलच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. काही तासांनी तो जवळच्या हॉटेलच्या तळघरात सापडला, वन विभागाने त्याला बेशुद्ध करून राष्ट्रीय उद्यानात नेलं. येऊरचं जंगल शहराला खेटून आहे, बिबट्या कधीतरी येणारच. पण सकाळभर प्रत्येक पडद्यावर तोच. एक बरं होतं, की तोवर बिबट्याबद्दल लिहिण्या-बोलण्याचा सूर थोडा बदलला होता. २०११ मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठीच्या ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमात वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि इतरांनी पत्रकारांना सोबत घेतलं आणि ‘नरभक्षक घुसला’ असं लिहिण्याआधी काय विचारावं हे समजावलं. एवढ्या पाल्हाळात माध्यमांचं वागणं सुधारल्याचं मला सापडलेलं उदाहरण हे एवढंच.

आता २०१२. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. १७ नोव्हेंबरला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा होती, सगळं बंद होतं. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केलं. त्याच रात्री लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली आणि १९ तारखेला दोघींना अटक. ग्रामण्यात हजर राहिल्याचाही दोष लागे, तसाच इथे लाइकचा लागला. मग संतापाची दुसरी लाट आली, या वेळी पोलिसांवर, आणि ती देशभर पसरली. अधिकारी निलंबित झाले, खटला मागे पडला. दिल्लीच्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, इंटरनेटवरचा आक्षेपार्ह मजकूर गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द झालं. एका लाइकने एक कलम पाडलं, असं म्हणायला हरकत नाही. पण रद्द झालेल्या त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२१ मध्ये न्यायालयालाच त्याबद्दल आश्चर्य व्यक्त करावं लागलं. मे २०२२ मध्ये शरद पवारांविषयीच्या फेसबुक पोस्टवरून कळव्यातल्या गुन्ह्यात एका अभिनेत्रीला अटक झाली, तेव्हा कलमं वेगळी होती, तुरुंगवास महिन्याहून अधिक.

चिडण्याची किंमत कुठून कुठे गेली ते इथे दिसतं. पंचहौदच्या वेळी चिडणारा, छापणारा आणि ज्याचं नाव छापलं तो, तिघंही ती भरत. पालघरला ती मुख्यतः नाव आलेल्यांनी भरली. त्यानंतर तर चिडणं जवळपास फुकट झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, त्याचा कारभार आपल्याच नवी मुंबईतल्या घणसोलीतून चालतो, आणि पूर्वी महिनाभर पुरवून वापरायचा डेटा लोक दिवसात संपवू लागले. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपना निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वाहिन्यांकडेही ब्रेक लागला, तो वेगळ्या कारणाने. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा तपास सुरू केला आणि प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले. मार्च २०२२ मध्ये ते परत आले, चार आठवड्यांच्या सरासरीने. दीड वर्ष कुणाला किती प्रेक्षक आहेत हे कळत नव्हतं, तरी आरडाओरडा कमी झाल्याचं मला आठवत नाही.

कोरमचा बिबट्या अजून फिरतो. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो पावसाळ्याच्या तोंडाला हमखास येतो, ‘आत्ताच, कासारवडवली’ अशी ओळ डोक्यावर घेऊन. गेल्या खेपेला एकाने वन विभागाला शिव्या दिल्या, दोघांनी बिल्डरला, एकाने संध्याकाळी मुलांना खाली पाठवू नका म्हणून आवाजी निरोप टाकला. हा व्हिडिओ कधीचा, असं चौथ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं होतं. त्यांच्या निरोपाखाली अंगठा आहे, उत्तर नाही.