शेतीचा उगम आणि शेतीचे प्रकार

ठरवून पीक घेणं आणि जनावरं पाळणं म्हणजे शेती. ती एकाच जागी सुरू झाली आणि तिथून जगभर पसरली असं पूर्वी मानायचे, आता तसं फारसं कोणी मानत नाही. पश्चिम आशिया, चीन, मेक्सिको, अँडीजचे डोंगर, न्यू गिनी, सहाराच्या दक्षिणेचा आफ्रिकेचा पट्टा अशा निदान पाच-सहा ठिकाणी ती आपापली उभी राहिली. भारत या यादीत धरायचा का, यावर वाद आहे.

सगळ्यात जुने पुरावे पश्चिम आशियातले, साधारण ११,५०० ते १०,००० वर्षांपूर्वीचे, आणि पिकं म्हणजे गहू, जव, मसूर, वाटाणा, हरभरा, जवस. शेती का सुरू झाली याची उत्तरं बरीच आहेत. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड म्हणायचे की हवामान कोरडं झालं, माणसं आणि जनावरं पाण्याच्या जागी एकत्र आली आणि तिथून सगळं सुरू झालं. दुसरे पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट ब्रेडवुड यांनी इराकमध्ये जार्मोला खोदकाम केलं आणि जिथे रानटी गहू मुळातच उगवतो त्या डोंगरपायथ्याकडे बोट दाखवलं. गॅलिलीच्या तळ्याकाठी ओहालो इथे मात्र जवळपास २३,००० वर्षांपूर्वीच लोक रानटी जव गोळा करून दळत होते, त्यामुळे हे सगळं हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या घडलं हेच जास्त पटतं.

भाताचं बघितलं तर हे अजून स्पष्ट होतं. रानटी भाताचा दाणा पिकला की आपोआप गळून पडतो. माणूस कापणी करतो तेव्हा लोंबीला चिकटून राहिलेला दाणाच घरी येतो आणि पुढच्या वर्षी तोच पेरला जातो, असं होत होत न गळणारं भात वाढत जातं. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खालच्या भागात तियानलुओशान इथे याचा मागच सापडलाय: सुमारे ६,९०० ते ६,६०० वर्षांपूर्वीच्या साधारण तीनशे वर्षांत न गळणाऱ्या दाण्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलं, म्हणजे इतक्या पिढ्या राबूनही अर्ध्याहून जास्त भात न गळणारं झालेलं नव्हतं. भारतात उत्तर प्रदेशातल्या लहुरादेवाला भाताचे खूप जुने दाणे मिळालेत, पण ते लावलेले की तळ्याकाठचे रानटी गोळा केलेले, यावर एकमत नाही. काहीजण गंगेच्या खोऱ्यात भातशेती स्वतंत्र सुरू झाली म्हणतात. पण भाताचे दोन मोठे गट आहेत, भारताकडचा इंडिका आणि चीनकडचा जॅपोनिका, आणि दाणा न गळण्याचं जनुक इंडिकात जॅपोनिकाकडून आलेलं दिसतं, म्हणून इथे आधीपासून अर्धवट लागवड चालू होती आणि इ.स.पू. २००० च्या आसपास चिनी भाताशी संकर झाला, हे मत जास्त टिकतं. मुंबईत रोज शिजणारा कोलम इंडिकातला, बासमती मात्र जनुकांनी जॅपोनिकाच्या जवळचा.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातलं इनामगाव हे उत्खननात सापडलेलं जुनं शेतकरी गाव महत्त्वाचं, साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. तिथे मुख्य पीक जव होतं आणि पाण्याच्या पाटाचे अवशेषही सापडलेत. आपण अगदी इथली समजतो ती ज्वारी, बाजरी, नाचणी मूळची आफ्रिकेची. मिरची, बटाटा, टोमॅटो तर अमेरिकेतून, पोर्तुगीज आल्यानंतरच.

शेतीच्या प्रकारांसाठी अजूनही भूगोलतज्ज्ञ डरवेंट व्हिटलसी यांचं १९३६ चं वर्गीकरण वापरतात. पिकं-जनावरांची जोडी, कसण्याची पद्धत, मजूर-भांडवल किती, माल घरी खायचा की विकायचा आणि शेतावरच्या इमारती-सोयी, असे पाच निकष. त्यातून फिरती शेती, भटकं पशुपालन, दाट वस्तीतली भातशेती, मळे (एकाच नगदी पिकाची मोठी लागवड), मिश्र शेती, दुग्धव्यवसाय, मोठ्या यंत्रांची धान्यशेती वगैरे प्रकार निघतात. ईशान्येकडची झूम आणि रायगडातली दळी, म्हणजे डोंगरउतारावरची झाडी तोडून-जाळून केलेली शेती, फिरत्या शेतीत येतात. कोकणातला राब पुष्कळ जण त्यातच टाकतात, ते बरोबर नाही: राबात पालापाचोळा, फांद्या, शेण फक्त रोपांच्या वाफ्यावर जाळतात, खाचरं कायमची तीच असतात. खाडीकाठची खारभूमीतली भातशेती बांध घालून समुद्राचं पाणी अडवून करतात, तिला जागतिक वर्गीकरणात वेगळी जागा नाही, खरं तर असायला हवी.

मुंबईत दुग्धव्यवसायाचं ठळक उदाहरण गोरेगावची आरे कॉलनी, शहरातल्या म्हशींचे तबेले बाहेर हलवायला १९४९ मध्ये उभी केलेली. तिथल्या आदिवासी पाड्यांवर पावसात भात आणि भाजीपालाही होतो. लोकलच्या रुळांलगत वर्षानुवर्षं पिकवली गेलेली पालेभाजी रेल्वेच्या 'ग्रो मोअर फूड' योजनेतल्या जमिनीवरची: जमीन रेल्वेची, तुकडा छोटा, मेहनत भरपूर आणि माल जवळच्याच बाजारात, म्हणजे व्हिटलसींच्या निकषांवर बाजारासाठीची भाजीपाला शेती.