ग्रामयुद्धफलक आणि गावच्या सैनिकांचा शोध

पहिल्या महायुद्धात एखाद्या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती परतली नाहीत, एवढेच सांगणारा दगडी, बहुधा संगमरवरी फलक. महाराष्ट्रात तो मुख्यतः कोकणात आणि सातारा भागात, म्हणजे जुन्या मराठा पलटणींच्या भरतीच्या मुलखात, चावडी, शाळा किंवा देवळाच्या भिंतीत बसविलेला आढळतो. इंग्रजी मजकूर ठरीव आहे : या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. मोकळ्या जागी त्या त्या गावाचा आकडा कोरलेला असतो, नाव सहसा एकाचेही नसते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) येथील ४६ मृतांचा उल्लेख यांपैकी सर्वांत परिचित होय. पंजाब, हरयाणा व उत्तर प्रदेशातही याच धाटणीचे फलक आहेत. त्यावरून मजकूर गावाने रचलेला नसून वरून आलेला होता, हे उघड आहे. आकड्यामागची माणसे नावानिशी शोधण्याचा जो उद्योग अलीकडे स्थानिक इतिहासाचे अभ्यासक व सैनिकांचे वंशज करतात, त्याचा आरंभ बहुतेकदा या फलकापासून होतो.

फलकांना वीरगळांच्या परंपरेत बसविण्याकडे काही लेखकांचा कल असतो. दोहोंत साम्य आहे ते एवढेच, की वीरगळावरही बहुधा नाव नसते. वीरगळ मात्र एका वीराचा असतो. त्याच्या मृत्यूचा प्रसंग आणि स्वर्गारोहण टप्प्याटप्प्याने त्यावर कोरलेले असते, आणि तो आप्तांनी किंवा गावाने उभा केलेला असतो. फलक हा सरकारी हिशेबाचा दगड आहे. तेव्हा परंपरेचे नाते जोडायचे तर ते जपूनच जोडावे. नावे कोरण्याची रीत कंपनी सरकारला अपरिचित होती असेही नाही. कोरेगाव भीमा येथील १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्तंभावर ४९ मृतांची नावे आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ येते, त्यावरून ती महार शिपायांची असल्याचे ओळखू येते. शंभर वर्षांनंतरच्या ग्रामफलकावर ती सोय नाही.

काळ : फलक केव्हा बसविले गेले याची नेमकी तारीख दगडावर नसते. मजकुरातच १९१९ हे साल असल्याने ते त्यापूर्वीचे नाहीत. सामान्यतः १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धातले मानले जातात. युद्धविराम ११ नोव्हेंबर १९१८ चा असताना १९१९ कसे आले, यावर बराच घोळ घातला जातो. काहींनी तिसऱ्या अफगाण युद्धाकडे (मे–ऑगस्ट १९१९) बोट दाखविले आहे, कारण त्यातही हिंदी पलटणी होत्या. तथापि फलकावर शब्द ‘महायुद्ध’ असा आहे आणि अफगाण मोहिमेला ते नाव कधी दिले गेले नाही. जर्मनीशी तह २८ जून १९१९ रोजी झाला, आणि युद्धक्षेत्रात गेलेल्या शिपायांना मिळालेल्या काशाच्या विजयपदकाच्या मागील बाजूसही १९१४–१९१९ असेच साल आहे. फलकाचे साल याच सरकारी कालगणनेतून आले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. गंमत अशी, की त्याच शिपायाच्या पेटीतील दुसऱ्या, रुपेरी युद्धपदकावर १९१४–१९१८ असे कोरलेले असते. एकाच घरात दोन साले सापडली म्हणून दोन युद्धे समजण्याचे कारण नाही.

मृतांच्या मोजणीसाठी तिसरीच मुदत लागू होते. राष्ट्रकुल युद्धकबर आयोग (स्थापना १९१७, १९६० पर्यंत नाव ‘साम्राज्य युद्धकबर आयोग’) ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातील मृत्यू युद्धमृत्यू मानतो, कारण साम्राज्यापुरते युद्ध कायद्याने संपले ते १९२१ मध्ये. सेवेत असताना १९२० मध्ये इराकात तापाने गेलेला शिपाई त्यामुळे आयोगाच्या यादीत असतो, पण गावच्या फलकात त्याची गणना झालेली असेलच असे नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत रजेवर किंवा पलटणीतून नाव कमी होऊन घरी आल्यावर गेलेल्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. साथीने मुंबई इलाख्यात मोठा संहार केला, आणि गावाच्या आठवणीत युद्ध व साथ यांची सरमिसळ झालेली असते.

आकडा कोणाचा? सर्वांत वादाचा भाग हा आहे. हिंदुस्थानातून १९१८ अखेरपर्यंत ८,७७,०६८ लढाऊ आणि ५,६३,३६९ बिगरलढाऊ अशी भरती झाल्याचे सरकारी आकडे आहेत. मुंबई इलाख्याचा वाटा ४१,२७२ लढाऊ व ३०,२११ बिगरलढाऊ. म्हणजे इलाख्यातून गेलेल्या दर पाचांपैकी दोघे हमाल, खेचरवाले, भिस्ती, आचारी, डोलीवाले, गोदी वा रेल्वेचे मजूर असे होते. फलकावरील शब्द ‘पुरुष’ असा आहे, ‘शिपाई’ असा नाही. शब्दशः वाचले तर बिगरलढाऊही त्यात आले. उलट गावातील तोंडी परंपरा संख्येचा अर्थ जवळजवळ नेहमी ‘पलटणीत गेलेले’ असाच लावते, आणि वंशजांच्या याद्याही तशाच बनतात. शब्दशः वाचनच ग्राह्य धरावे असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे, कारण यादीतील नावे आकड्यापेक्षा कमी भरली की उरलेली माणसे पलटणींत धुंडाळत बसण्यापेक्षा मजूर व वाहतूक दलांत पाहणे अधिक फलदायी ठरते. अशा दलांतील अनेकांना रुप्याऐवजी काशाचे युद्धपदक मिळाले. घरात तसे पदक असेल, तर दिशा तिथेच मिळते. खलाशांची गोष्ट निराळी. त्यांचे मृत्यू मुंबईतील खलाशी-निवासातल्या स्मारकात नोंदलेले असून ती संख्या दोन हजारांवर आहे.

पलटणींचे क्रमांक : शोधात सर्वाधिक चुका येथे होतात. १९०३ मध्ये सरसेनापती किचनर यांनी केलेल्या लष्करी सुधारणेत मुंबई लष्कराच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळविले गेले : तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी. १९२२ मध्ये पुन्हा मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट बनली. तीत १०३, १०५, ११०, ११६ व ११७ या अनुक्रमे पहिली ते पाचवी बटालियन झाल्या, आणि ११४ ही दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन ठरली. त्यामुळे घरच्या कागदात ‘पाच मराठा’ असे असेल तर तो कागद बहुधा १९२२ नंतरचा, पेन्शनच्या वेळचा असतो, आणि युद्धकाळातली पलटण त्यावरून कळत नाही. यात भर पडते ती टोपणनावाची. १०५ वी पलटण ‘काळी पाचवी’ म्हणून ओळखली जाई. त्यातील पाच हा १९०३ पूर्वीचा आकडा आहे, १९२२ च्या रेजिमेंटचा नव्हे. आजोबा ‘पाचवीत’ होते एवढ्यावर विसंबून चुकीच्या बटालियनची युद्धकाळातली रोजनिशी वाचत बसलेले अभ्यासक थोडे नाहीत.

१११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. तिची वारस म्हणावी अशी रेजिमेंट मागे उरली नाही. आजच्या महार रेजिमेंटची स्थापना १९४१ ची आहे. त्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, महारांची भरती बंद झालेली होती. दापोलीसारख्या पेन्शनरांच्या वस्तीत त्याविरुद्धच्या अर्जांचा इतिहास सुपरिचित आहे. या पलटणीतल्या माणसांची नावे गावच्या यादीतून गळणे त्यामुळे अधिक संभवते. मराठा पलटणींप्रमाणे येथे रेजिमेंटची अखंड आठवण पाठीशी नाही.

मृतांच्या याद्या : ६ व्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन इराकातील कुत-अल-अमारा येथे अडकली; वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली. कैद्यांपैकी पुष्कळ जण वाटचालीत आणि रस-अल-ऐनकडील (आजच्या सीरियातील) रेल्वेच्या कामावर मेले. अशा मृत्यूंच्या तारखा कित्येकदा मागाहून ठरविलेल्या असतात; त्या गृहीत तारखा म्हणूनच वाचाव्यात. ज्यांची कबर नाही त्यांची नोंद बसरा स्मारकात आहे. १९२९ मध्ये खुले झालेल्या या स्मारकात ४०,५०० हून अधिक मृतांचा समावेश असून १९९७ मध्ये ते बसऱ्याबाहेर सुमारे ३२ किमी.वर हलविले गेले. त्याच्या दगडावर हिंदी पलटणींतील अधिकाऱ्यांचीच नावे आहेत. शिपायांची, ग्रामफलकावर असते तशीच, पलटणवार फक्त संख्या. शिपायांची नावे छापील नामावलीत व आता आयोगाच्या संगणकीय यादीत मिळतात. फ्रान्समधील न्यव्ह शापेल स्मारकावर (१९२७) मात्र ४,७०० हून अधिक हिंदी नावे प्रत्यक्ष कोरलेली आहेत. खडकीच्या बाँबे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी तेथे लढल्या, म्हणून महाराष्ट्रातील गावांनी ही यादीही पाहावी. खुद्द खडकीतील स्मारक भारतात मृत्यू पावलेल्या, पण जिथे कबरींची निगा राखता येत नाही अशा १,८०० हून अधिक जणांचे आहे. नावामुळे ते पुणे परिसरातील शिपायांचे समजले जाते, तसे ते नाही. हिंदी व आफ्रिकी मृतांच्या स्मरणात समानता पाळली गेली नाही, हे आयोगाने २०२१ च्या अहवालात मान्य केले आहे.

नावे व गावे : आयोगाच्या यादीत शिपायाची ओळख बहुधा क्रमांक, नाव, बापाचे नाव, गाव, तालुका व जिल्हा अशी येते. आडनाव असतेच असे नाही. गावच्या दप्तरातील ‘धोंडी बिन सखाराम’ तिथे नुसता धोंडी, सखारामचा मुलगा असा होतो. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, आणि रोमन लिपीत आणताना ‘ळ’ व ‘ल’, ‘ण’ व ‘न’ एक होतात. काळू आणि कालू तिथे वेगळे राहत नाहीत. गावांची नावे याहून दगाबाज. ‘खुर्द’ व ‘बुद्रुक’ गाळले की शेजारची दोन गावे एक होतात, आणि दोन्ही आपापल्या फलकासाठी तोच माणूस मागतात. जिल्हेही बदलले आहेत. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, त्यातला सावंतवाडी संस्थानाचा भाग त्या काळी मुळी इंग्रजी मुलखातच नव्हता. सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग साताऱ्यातून निघाला. बेळगाव १९५६ मध्ये मुंबई राज्यातून गेले. जन्मगाव संस्थानी आणि भरतीचे ठिकाण खालसा मुलखातले असेल, तर नोंद कोणत्याही एका नावाखाली असू शकते.

गावातील कागदांपैकी पेन्शनची पुस्तिका व मृताच्या वारसाला मिळालेले सुमारे १२ सेंमी. व्यासाचे काशाचे तबक हे सर्वांत भरवशाचे. तबकावर मृताचे नाव असते, हुद्दा मुद्दामच वगळलेला. पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. पदके मोडीत गेली तरी कडेचा मजकूर कुणीतरी उतरवून ठेवल्याचे अधूनमधून आढळते. महसुली दप्तरात फेरफार (गाव नमुना ६) व वारस नोंदवही (६-क) पाहावी, पण अपेक्षा बेताची ठेवावी. मेलेला मुलगा विशीतला असला तर जमीन बापाच्या नावावर असे, त्यामुळे त्याच्या मृत्यूची वारसनोंद होण्याचे कारणच नव्हते. त्याचा पत्ता लागतो तो बाप वारल्यानंतर, कधी वीस-पंचवीस वर्षांनी : वारसांत तीन मुलगे आणि चौथ्याची विधवा. गावच्या मृत्यूनोंदवहीत परमुलखातले मृत्यू शोधू नयेत. ती वही गावच्या हद्दीतल्या मृत्यूंची असते.

जिवंत परतलेल्यांची साधने फार कमी आहेत. पलटणींच्या रोजनिशा लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पण त्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे पानोपानी आणि शिपाई पदक मिळवील तेव्हाच. टपाल-तपासणी खात्याने शिपायांच्या पत्रांतून घेतलेले इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. त्यांत मराठी पत्रांचे प्रमाण अल्प आहे. मजूर दलांसाठी एवढेही नाही. तिथे घरातले पदक आणि नातवंडांची आठवण, इतकेच हाती राहते.