वाटीत भरलेली हवा

नानकटाईसाठी परवा वाटीभर साखर मिक्सरमधून काढली. दळलेली साखर त्याच वाटीत भरायला गेले, तर वाटी शिगोशीग भरूनही भांड्यात बरीच उरली. काट्यावर मात्र वजन दळण्याआधी होतं तेवढंच. मग वाढलं काय? कणांमधली हवा.

साखरेचा अखंड खडा पाण्याच्या जवळजवळ 1.6 पट जड असतो. म्हणजे 240 मिलीचा कप फटी न ठेवता भरता आला, तर त्यात 380 ग्रॅम साखर बसेल. प्रत्यक्षात बसते 200 ग्रॅमच्या आसपास. कपातली जवळपास निम्मी जागा मोकळीच! कण बारीक केले की या फटी बुजतील असं वाटतं. पण सारख्या आकाराच्या गोट्या भरा की मोहरी, फटींचं प्रमाण साधारण तेच राहतं. कण पिठाइतका बारीक झाला की मात्र चित्र बदलतं. त्याचं स्वतःचं वजन इतकं कमी, की शेजारच्या कणांची ओढ त्याला भारी पडते. तो घरंगळून तळाशी जात नाही. कण एकमेकांना धरून बारीक कमानी करतात आणि त्यांच्याखाली पोकळ्या राहतात. म्हणून त्याच कपात पिठीसाखर जेमतेम 120 ग्रॅम.

मैद्याचं तर भरण्यावर ठरतं. चाळून चमच्याने अलगद भरला तर कपात 115-120 ग्रॅम, डब्यात कप खुपसून काढला तर 145-150. कृतीत 'दोन कप मैदा' लिहिलेला असेल, तर एवढ्याने 50-60 ग्रॅमचा फरक पडतो. तूप तेवढंच, मैदा जास्त. नानकटाई कोरडी होते, हातात घेताच फुटते.

आपल्याकडे धान्य पूर्वी मापानेच विकलं जाई. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ज्वारी-तांदळाचा दाणा घरंगळून जागेवर बसतो, त्यामुळे माप बऱ्यापैकी टिकायचं. तरी शीग लावायची की सपाट, माप हलवायचं की नाही, यावर घासाघीस व्हायचीच, आणि ती रास्तच होती. 1956 च्या कायद्याने दशमान वजनं आली. अमेरिकेत कप रुजला तो पाककला शिकवणाऱ्या फॅनी फार्मर यांच्या 1896 च्या पाककृतींच्या पुस्तकामुळे. कप भरून वरून सुरीने सपाट करण्याचा त्यांचा आग्रह होता. पण वरून सपाट केलेल्या कपात आतला मैदा किती दबलाय, ते सुरीला कळत नाही.

वाटीला मी नावं ठेवणार नाही. इडलीला तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ. वाटी कुणाचीही असो, प्रमाण तेच. अडतं ते पिठापाशी, आणि एकाच्या वाटीतली कृती दुसऱ्याच्या काट्यावर जाते तेव्हा.

तेव्हा आधी आपली वाटी ओळखावी. काट्यावर रिकामी ठेवून शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. 180 ग्रॅम भरलं, तर वाटी 180 मिलीची. त्याला साखरेसाठी 0.85 ने गुणा, रव्यासाठी 0.7 ने, अलगद भरलेल्या मैद्यासाठी 0.5 ने, तेलासाठी 0.92 ने, मधासाठी 1.4 ने. तेल आणि मध यांचे आकडे पक्के, कारण त्यांच्या कणांत फटी नाहीत. रव्याचा जाड-बारीकपणाप्रमाणे थोडा हलतो. फेसलेल्या तुपाला आकडा लावूच नका. फेसताना त्यात किती हवा गेली ते दर वेळी वेगळं असतं, ते फेसण्याआधी तोला.

साखरही मी आता दळण्याआधीच तोलते.