पोकलेनमधील कॅन बस बिघाड व त्याचे निदान

पोकलेनमध्ये इंजिनाचा कंट्रोलर (त्याला हुकूम देणारा छोटा संगणक), पंपाचा कंट्रोलर आणि केबिनमधला मॉनिटर तारांवरून एकमेकांना सतत माहिती देत असतात. या तारांत, त्यांच्या कनेक्टरांत किंवा कंट्रोलरच्या वीजपुरवठ्यात दोष आला की कम्युनिकेशनचा बिघाड होतो. त्याची लक्षणे फसवी असतात. मॉनिटर बंद पडतो किंवा त्यावर एकदम बिघाडाचे पाच-सहा कोड येतात, डायल फिरवूनही इंजिन रेस घेत नाही, बूम रेंगाळतो. इंजिन आणि पंप मात्र धडधाकट असतात. अशा वेळी पंप उघडायला घेणे हा वेळेचा आणि पैशाचा नाहक खर्च आहे.

हा संवाद बहुतेक आधुनिक यंत्रांत कॅन बसवर, म्हणजे सगळ्या कंट्रोलरांना जोडणाऱ्या दोन सामाईक तारांवर चालतो. जर्मनीच्या बॉश कंपनीने ही पद्धत विकसित करून १९८६ मध्ये जाहीर केली आणि १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे तिचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. अवजड वाहने व यंत्रे यांच्यासाठी तिच्यावर जे१९३९ हा नियमसंच बेतला गेला. त्याचा मूळ वेग सेकंदाला २५० किलोबिट आहे. दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात. त्यांतल्या एकीला कॅन-हाय आणि दुसरीला कॅन-लो म्हणतात. जे१९३९ मध्ये हाय पुष्कळदा पिवळी आणि लो हिरवी असते. बस शांत असताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना हाय ३.५ कडे चढते आणि लो १.५ कडे उतरते. बसच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध बसवलेला असतो.

सरसकट सगळ्या जुन्या पोकलेनना हे लागू पडत नाही. कोमात्सूच्या पीसी२००-७ मध्ये कंट्रोलरांची जोडणी एस-नेट या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीची आहे. कॅनची मापे तिथे लावली तर निष्कर्ष चुकतो. म्हणून मॉडेलचा वायरिंग डायग्रॅम हाताशी असल्याशिवाय मीटर लावू नये.

निदानाची सुरुवात कोडपासून होते, पण कोड नीट वाचावा लागतो. जे१९३९ मध्ये एसपीएन हा आकडा बिघाड कशात आहे ते सांगतो आणि एफएमआय त्याचा प्रकार सांगतो. एसपीएन ६३९ म्हणजे खुद्द नेटवर्क. एफएमआय ९ म्हणजे माहिती ठरल्या वेळेत आली नाही, १९ म्हणजे आलेली माहिती सदोष होती. इथेच गफलत होते. ज्या कंट्रोलरने कोड नोंदवला तो बहुधा चांगला असतो. तो दुसऱ्याच्या गप्प बसण्याची तक्रार करत असतो. म्हणून कोण कोणाची तक्रार करतोय याची जुळणी आधी करावी. सगळ्यांची बोटे एकाकडे असतील तर त्या एकाचा फ्यूज, पुरवठा आणि अर्थिंग तपासावे. सगळेच एकमेकांची तक्रार करत असतील तर दोष सामाईक तारेत असतो.

त्यानंतर मल्टिमीटर. चावी बंद करून, बॅटरी सोडवून हाय आणि लो यांच्यामधला रोध मोजावा. निरोगी बसवर तो ६० ओहमच्या आसपास येतो, कारण टोकांचे दोन रोध समांतर जोडलेले असतात. १२० आला तर एक टोक तुटले आहे किंवा एक रोध गायब आहे. ४० आला तर कोणीतरी तिसरा रोध बसवला आहे. शून्याजवळ आला तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही यंत्रांत टोकाचा रोध कंट्रोलरच्या पोटातच असतो, त्यामुळे तो कंट्रोलर काढल्यावर दिसणारे १२० हा बिघाड नव्हे. मग बॅटरी जोडून, चावी चालू करून दोन्ही तारांचे व्होल्ट बॉडीच्या अर्थच्या तुलनेत पाहावेत. एखाद्या तारेवर थेट २४ व्होल्ट किंवा शून्य दिसले तर ती पुरवठ्याला किंवा बॉडीला टेकली आहे. अशा वेळी एकेक कंट्रोलर सोडवत गेले की दोषी फांदी सापडते. बल्बचा टेस्टर या तारांना कधीही लावू नये. त्यातून जाणारा प्रवाह कंट्रोलर जाळू शकतो.

वापरलेल्या यंत्रात सर्वांत आधी आधीच्या मालकाची आणि फायनान्सवाल्याची जोडकामे शोधावीत. हप्त्याच्या वसुलीसाठी बसवलेला जीपीएस, वरून लावलेले दिवे, कॅमेरा यांच्यासाठी मूळ हार्नेस (तारांचा जुडगा) सोलून तार पिळलेली आणि वर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली आढळते. कंट्रोलर न सोडवता बकेटला केलेले वेल्डिंगही असेच घातक ठरते.

नाशिक जिल्ह्यात या यंत्रांना परस्परविरोधी हवामान सोसावे लागते. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे कनेक्टरचे रबरी सील फाटलेले असले की पिनांवर हिरवट थर चढतो. सारूळसारख्या खाणपट्ट्यात बेसॉल्ट फोडणाऱ्या ब्रेकरच्या हादऱ्यांनी हार्नेस क्लिपमधून सुटून बॉडीवर घासतो. निफाड, दिंडोरीकडे शेततळी खोदणारी, द्राक्षबागांसाठी जमीन सपाट करणारी यंत्रे कामांच्या मधल्या काळात उभी राहिली की उंदीर तारा कुरतडतात. निफाडचा पारा थंडीत ५ अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा थकलेली बॅटरी स्टार्टर फिरवताना इतकी खाली जाते की कंट्रोलर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतात आणि कम्युनिकेशनचे कोड साठून राहतात. कोड सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच येत असतील तर तारांच्या मागे लागण्याआधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अर्थची पट्टी पाहावी. गंगापूर धरणातला गाळ उपसून आलेल्या यंत्राचे खालचे कनेक्टर उघडून सुकवणे तर अनिवार्यच आहे.

येणारा-जाणारा बिघाड सर्वांत छळतो. उभ्या यंत्रात माप अचूक येते आणि बूम उचलला की मॉनिटर जातो. अशा वेळी एकाने मीटरवर नजर ठेवून दुसऱ्याने केबिनखालचा, इंजिनाच्या झाकणाच्या बिजागरीजवळचा आणि पंपाकडचा हार्नेस हाताने हलवून पाहावा. ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टचे चढउतार पडद्यावर दाखवणारे उपकरण असेल तर हाय-लोच्या लहरी बिघडतात तो क्षण दिसतो. साधा मीटर सरासरीच दाखवत असल्याने तो क्षण त्यातून निसटतो.

कंट्रोलर बदलणे हा शेवटचा उपाय आहे. भंगारातून आणलेला कंट्रोलर बाहेरून हुबेहूब दिसला तरी त्याचा पार्ट नंबर आणि आतले सॉफ्टवेअर यंत्राच्या मॉडेलशी जुळावे लागते, आणि अनेक मॉडेलांत तो कंपनीच्या सॉफ्टवेअरने यंत्राशी जोडून द्यावा लागतो. नाहीतर चांगला कंट्रोलर बसवूनही मॉनिटरवर तोच जुना कोड कायम राहतो.