परसातल्या जागेत जमिनीचा हीट पंप: बोअर मारण्याआधी वाचा

बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागांतल्या जुन्या घरांचं परसू बेताचंच. त्यात तुळस, धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, कुठं एखादा आड. "एवढ्यात तुमची बोअर बसणार कुठं?" हे पहिल्याच फोनवर विचारलं जातं.

बसते. ही बोअर पाणी उपसायची नव्हे. तिच्यात काळ्या एचडीपीई (मजबूत प्लास्टिकच्या) पाईपचा एक वेढा खालपर्यंत जाऊन वर येतो आणि त्यातलं तेच पाणी फिरत राहतं. आपल्याकडं तीस-चाळीस फुटांखाली जमीन बारा महिने २४-२५ अंशांच्या आसपास असते. हीट पंप म्हणजे एका जागची उष्णता ओढून दुसरीकडं सोडणारं यंत्र. एप्रिल-मेमध्ये तो घरातली उष्णता तिथं सोडतो. पावसाळ्यात, गच्चीवरच्या सोलरला ऊन मिळत नाही तेव्हा, त्याच जमिनीतून उष्णता घेऊन आंघोळीचं पाणी तापवतो. म्हणूनच थंडावा आणि गरम पाणी दोन्ही एकाच यंत्रावर घ्या, असा आमचा आग्रह असतो. नुसता थंडावा घेतला तर वर्षानुवर्षं उष्णता खालीच साठते आणि यंत्राचा जोर कमी होतो.

एक टन थंडाव्याला आम्ही २५० ते ३०० फूट खोली धरतो. दोन टन हवे असतील तर ३०० फुटी दोन बोअर, आणि दोन्हींत निदान १६ फुटांचं अंतर. जवळ मारल्या तर एकीची उष्णता दुसरीला लागते. परसू १५ बाय २० फुटांचं असेल तर भिंतीपासून तीन-तीन फूट सोडून समोरासमोरचे तिरके कोपरे धरा, १६ फुटांहून थोडं जास्तच अंतर मिळतं. वर चेंबरचं झाकण तेवढं दिसतं. पाईप जमिनीखालून घरात येतात, त्यावर फरशी घालता येते. नारळ मात्र तिथं लावू नका.

"कोरडी पडलेली जुनी बोअर आहे, ती चालेल का?" पुष्कळदा चालते आणि मोठा खर्च वाचतो. आधी आम्ही वजन सोडून खोली मोजतो, कारण जांभ्यातली माती ढासळून बोअर निम्मी बुजलेली सापडते. शिवाय पाईप आणि खडक यांच्यामध्ये हवा राहिली तर उष्णता पलीकडं जातच नाही. म्हणून बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) आणि वाळूचं मिश्रण तळापासून वर भरत आणावं लागतं. नव्या बोअरलाही हे भरणं आम्ही कधी सोडत नाही. ते नसेल तर गटाराचं पाणी पाईपच्या कडेनं खाली उतरतं, आणि शेजाऱ्यांच्या आडाचं पाणी नासतं. कुणी "भरायची गरज नाही" म्हणून दर कमी सांगत असेल तर त्याला काम देऊ नका, आम्हालाही दिलं नाही तरी चालेल.

पाईप सोडण्याआधी त्यात पाणी भरून दाब तपासतो. हे तुम्ही समोर उभं राहून बघा. एकदा भरणं झालं की आतली गळती दुरुस्त होत नाही.

खरी अडचण जागेपेक्षा गल्लीची असते. बोअरची गाडी आत वळत नसेल तर लहान रिग परसात नेऊन कॉम्प्रेसर रस्त्यावर ठेवावा लागतो. बेसॉल्ट लागला की आवाज मोठा होतो, भुकटी उडते, राडा होतो. शेजारी आजारी माणूस किंवा परीक्षेला बसलेलं मूल असेल तर दिवस आधी विचारून ठरवूया.

बोअर मारण्याच्या किमान १५ दिवस आधी लेखी कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये घालून दिलं आहे. तो अर्ज आम्ही लिहून देतो. उघडी बोअर एक रात्रसुद्धा झाकणाशिवाय सोडत नाही.

घर भाड्याचं असेल, किंवा एकाच खोलीला उन्हाळ्यातले दोन महिने गारवा हवा असेल, तर साधा इन्व्हर्टर एसी घ्या. एवढ्यासाठी जमीन फोडू नका.

आम्ही यायच्या आधी कागदावर परसाचा आराखडा काढून ठेवा: लांबी-रुंदी, शोषखड्डा, आड, गटार, डोक्यावरच्या विजेच्या तारा आणि गल्लीची सगळ्यात अरुंद जागा किती फूट.