मॅच सातला, हजेरी दुपारी एकला: बेसबॉलवाल्यांचा दिवस असा कसा झाला

अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, खेळणाऱ्या बेसबॉलपटूचा साधा दिवस बघितला तरी डोकं चक्रावतं. मॅच संध्याकाळी सातच्या आसपास, पण हा माणूस दुपारी एक-दोनलाच स्टेडियमवर हजर. मग फिजिओ, जिम, समोरच्या पिचरचे (चेंडू टाकणाऱ्याचे) व्हिडिओ, बॅटिंग प्रॅक्टिस, खाणं, थोडे पत्ते, मग मॅच, मॅचनंतर परत खाणं, पत्रकारांशी बोलणं, आणि झोपेपर्यंत रात्रीचे दोन. आणि हे एखाद्या दिवशीचं नाही, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत १६२ मॅचेस, त्यातल्या निम्म्या परगावी, सहा महिन्यांत सुट्ट्या मिळून पंचवीसेक. आपल्याला क्रिकेटची सवय, त्यामुळे रोजच्या रोज मॅच ही गोष्टच आधी पचत नाही.

पण हा दिनक्रम कोणी एका बैठकीत ठरवलेला नाहीये. रेल्वे, विजेचे दिवे, विमान, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त म्हणजे खेळाडू नक्की कोणाच्या मालकीचा हे शंभर वर्षं चाललेलं भांडण, यातून तो तुकड्यातुकड्यानं जमत गेलाय.

सुरुवात १८६९ पासून धरू. त्याआधीही काही खेळाडूंना गुपचूप पैसे मिळायचेच, पण सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज ही उघडपणे सगळ्यांना पगार देणारी पहिली टीम. मॅनेजर हॅरी राइट, आणि त्याचा भाऊ जॉर्ज राइट सगळ्यात महागडा खेळाडू, सीझनचे १४०० डॉलर. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेची पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली होती आणि सप्टेंबरमध्ये ही मंडळी ट्रेननं थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन खेळून आली. म्हणजे धंदेवाईक बेसबॉल आणि बॅगा भरून गावोगाव फिरणं हे पहिल्या वर्षापासूनच एकत्र आलं. १८७६ मध्ये नॅशनल लीग निघाली, आणि तिथून खेळाची सूत्रं खेळाडूंकडून क्लबच्या मालकांकडे गेली ती गेलीच.

मालकांनी १८७९ मध्ये आपापसात ठरवून टाकलं की प्रत्येक क्लब पाच खेळाडू राखून ठेवेल आणि बाकीचे क्लब त्यांना हात लावणार नाहीत. हाच तो रिझर्व्ह क्लॉज. पुढे पाचाचे सगळेच झाले. कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाचं, पण वर्ष संपलं तरी खेळाडू त्याच क्लबचा, क्लब म्हणेल त्या पगारावर, आणि क्लब त्याला विकू शकतो, बदलून घेऊ शकतो, घरी बसवू शकतो. त्या काळात काही वर्षं तर युनिफॉर्मचे ३० डॉलर आणि दौऱ्यावरच्या जेवणाचे रोजचे ५० सेंट खेळाडूच्याच पगारातून कापायचे. म्हणजे आपल्याच पैशानं कपडे घालून दुसऱ्यासाठी खेळायचं.

याला वैतागून जॉन माँटगोमेरी वॉर्ड या खेळाडूनं, जो वकिलीही शिकलेला होता, १८८५ मध्ये खेळाडूंची संघटना काढली आणि १८९० मध्ये खेळाडूंची स्वतःची लीगच सुरू केली. चांगले चांगले खेळाडू तिकडे गेले, पण पैसा लावणारे एका सीझनमध्येच घाबरले आणि लीग बंद पडली. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बेसबॉल हा राज्याराज्यांतला व्यापार नाहीच, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागत नाही. टीमा ट्रेननं या राज्यातून त्या राज्यात जातात, तिकिटं विकतात, आणि हा व्यापार नाही! हा निकाल कितीही वेळा वाचला तरी मला हसू येतं, पण खेळाडूंच्या तीन-चार पिढ्यांचं आयुष्य याच निकालावर बेतलेलं होतं.

रोजच्या जगण्याकडे येऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेजर लीगच्या १६ टीमा, सगळ्यात पश्चिमेचं गाव सेंट लुईस, आणि प्रवास ट्रेनचा. स्लीपर डब्यात खालचा बर्थ स्टार खेळाडूंना, वरचा नवख्यांना, आणि रात्रभर पत्ते आणि गप्पा. जुने खेळाडू त्या ट्रेनबद्दल फार हळवे होऊन बोलतात, कारण बारा-पंधरा तास एका डब्यात कोंडल्यावर टीम होणारच ना. मॅचेस दुपारी, उजेडात, त्यामुळे गावात असलं की संध्याकाळी माणूस घरच्यांबरोबर जेवायला बसायचा. आणि एक गंमत, फिल्डिंग संपली की ग्लोव्ह मैदानातच टाकून आत यायची पद्धत होती, ती नियम करून बंद केली थेट १९५४ मध्ये.

ती घरची संध्याकाळ मोडली सिनसिनाटीमध्ये. २४ मे १९३५, क्रॉसली फील्ड, मेजर लीगची दिव्यांखालची पहिली मॅच. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी व्हाइट हाऊसमधून बटण दाबलं आणि मैदान उजळलं. यामागे होता सिनसिनाटी क्लब चालवणारा लॅरी मॅकफेल. कारण सरळ आहे, मंदीचे दिवस, दुपारी कामावर असलेला माणूस मॅचला येणार कसा, रात्री ठेवली तर येईल. याच माणसानं आदल्या वर्षी आपली टीम विमानानंही पाठवून बघितली होती. म्हणजे आजच्या खेळाडूची रात्रीची मॅच आणि मध्यरात्रीची फ्लाइट, दोन्हीच्या मुळाशी बऱ्यापैकी एकच डोकं आहे. हळूहळू सगळ्यांनी दिवे लावले, फक्त शिकागोचं रिगली फील्ड १९८८ पर्यंत अडून बसलं. १९५८ मध्ये डॉजर्स आणि जायंट्स न्यूयॉर्कचं बिऱ्हाड आवरून कॅलिफोर्नियाला गेले आणि ट्रेनचा विषयच संपला. मग १९६१-६२ मध्ये टीमा वाढल्या आणि १५४ मॅचेसच्या १६२ झाल्या.

हे सगळं गोऱ्या खेळाडूंचं चाललेलं. काळ्या खेळाडूंना मेजर लीगचं दार लेखी नियमाशिवाय बंद होतं, त्यांचं बेसबॉल वेगळंच. १९२० मध्ये रूब फॉस्टरनं कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीग उभी केली. तिथे स्लीपर कुठला, जुनी बस, दक्षिणेतल्या गावांत हॉटेल खोली देणार नाही, हॉटेलात टेबलावर बसू देणार नाहीत, म्हणून बसमध्येच झोपायचं, बसमध्येच खायचं, आणि लीगच्या मॅचेसमध्ये जागा सापडेल तिथे गावच्या टीमशी पैशासाठी मॅच, कधी एका दिवसात दोन-तीन. सॅचेल पेज, जॉश गिब्सन असे खेळाडू याच रगाड्यातून गेले. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यानंतर १४ वर्षांनीही, १९६१ मध्ये, फ्लोरिडातल्या स्प्रिंग ट्रेनिंगला टीमचं हॉटेल गोऱ्यांसाठी आणि काळे खेळाडू गावात कोणाच्या तरी घरी अशीच सोय होती, आणि सेंट लुईस कार्डिनल्सच्या बिल व्हाइटनं त्यावर जाहीर आवाज उठवला तेव्हा पुढच्या वर्षी अख्खी टीम एका मोटेलमध्ये राहायला लागली.

स्प्रिंग ट्रेनिंगचं नाव निघालंच आहे तर, सीझनआधीच्या त्या सरावाच्या दिवसांत खेळाडूला पगार नसतो, फक्त भत्ता असतो. तो भत्तासुद्धा १९४६ च्या धुमश्चक्रीतून आला, रॉबर्ट मर्फी नावाच्या वकिलानं खेळाडूंची संघटना बांधायचा प्रयत्न केला, संघटना टिकली नाही, पण मालकांनी घाबरून आठवड्याला २५ डॉलर आणि ५००० डॉलरचा किमान वार्षिक पगार मान्य केला. खेळाडू त्या भत्त्याला कित्येक वर्षं 'मर्फी मनी' म्हणायचे. नंतरची वीस वर्षं मालक निवांत, कारण १९६७ मध्येही किमान पगार होता फक्त ६००० डॉलर.

मग हिवाळ्यात काय? नोकरी. न्यूयॉर्क यांकीजचे योगी बेरा आणि फिल रिझुटो, ज्यांच्याकडे वर्ल्ड सीरिज, म्हणजे सीझनची अंतिम लढत, जिंकल्याच्या ढिगानं अंगठ्या, ते सीझन संपला की नेवार्कमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करायचे. पिट्सबर्गचा रिची हेबनर तर अगदी सत्तरच्या दशकातसुद्धा हिवाळ्यात कबरी खणायचा. आज खेळाडूचा हिवाळा म्हणजे ट्रेनर, डाएट, पिचिंग लॅब, बारा महिने तोच उद्योग. तेव्हा ऑफ सीझन खरंच ऑफ असायचा, फक्त आराम नसायचा.

१९६६ मध्ये पोलाद कामगारांच्या युनियनमधला मार्विन मिलर खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला आणि १९६८ मध्ये पहिला सामूहिक करार, किमान पगार १०,००० डॉलर. पण मुख्य गाठ रिझर्व्ह क्लॉजची, आणि तिच्यावर स्वतःचं करिअर लावलं ते कर्ट फ्लडनं.

फ्लड कार्डिनल्सचा सेंटर फील्डर, सेंट लुईसमध्ये १२ सीझन, तिथेच त्याचा फोटोग्राफीचा धंदा, वर्षाला ९०,००० डॉलर पगार. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला फोनवरून कळलं की तुला फिलाडेल्फियाला दिलंय. विचारलं नाही, कळवलं. फ्लडनं २४ डिसेंबर १९६९ ला मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी कुन यांना पत्र पाठवलं की मी काही विकायची-विकत घ्यायची वस्तू नाही, मला इतर क्लबशीही बोलू द्या. कुननी नकार दिला, फ्लड कोर्टात गेला, १९७० चा सीझन बुडाला. कोर्टात जॅकी रॉबिन्सननं येऊन साक्ष दिली, हँक ग्रीनबर्गनं दिली, पण त्यावेळी खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. त्यांची भीतीही समजते, पण वाचताना आतून काहीतरी तुटतंच. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ३ मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून १३ मॅचेस खेळून तो आधीच निघून गेला होता.

फळ दुसऱ्यांना मिळालं. १९७३ च्या करारात आलं की मेजर लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची ५ एकाच क्लबमध्ये झाली असतील तर खेळाडू ट्रेडला, म्हणजे दुसऱ्या क्लबला दिलं जाण्याला, नकार देऊ शकतो. आणि २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूनं निकाल दिला की एक वर्ष राखून ठेवणं म्हणजे एकच वर्ष, जन्मभर नाही. मालकांनी लगेच साइट्झना काढून टाकलं, पण निकाल राहिला. १९७९ मध्ये नोलन रायननं ह्यूस्टनशी वर्षाला दहा लाख डॉलरचा करार केला, २०२३ च्या डिसेंबरमध्ये शोहेई ओतानीचा १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा झाला, आणि २०२५ मध्ये किमान पगार ७,६०,००० डॉलर होता. आकड्यांवर आणखी बोलण्यात अर्थ नाही. मला त्यापेक्षा छोट्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: मेजर लीगच्या टीममध्ये ४३ दिवस राहिलं की पेन्शनचा हक्क सुरू होतो, किंवा २०११ पासून बाळ होताना खेळाडूला तीन दिवसांपर्यंत अधिकृत रजा मिळते. होय, २०११. त्याआधी मॅनेजरची मर्जी आणि टीममध्ये एक माणूस कमी.

तरीही हवा तो क्लब निवडायला मोकळं होण्याआधी मेजर लीगची सहा वर्षं भरावी लागतात, तोपर्यंत क्लब म्हणेल ते गाव. सकाळी मेजर लीगचं हॉटेल आणि रात्री मायनर लीगचं (मेजर लीगखालच्या पायऱ्यांवरच्या टीमचं) गाव असंही होतं, भाड्याची खोली, सामान, बायकामुलं, सगळं मागून येत राहतं.

आणि मायनर लीग म्हणजे ज्यात बहुतेक धंदेवाईक बेसबॉलपटूंचं अख्खं करिअर संपतं ती जागा. ब्रँच रिकीनं १९२० च्या दशकात कार्डिनल्ससाठी छोट्या गावांतल्या टीमा ताब्यात घेऊन खेळाडू पिकवायची पद्धत बसवली, आणि १९४९ मध्ये देशभरात ५९ मायनर लीग होत्या. टीव्ही आला, त्यातल्या बऱ्याच गेल्या, पण जगणं तेच राहिलं: रात्रभर बस, एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जण जमिनीवर गाद्या टाकून, किंवा गावातलं एखादं कुटुंब ठेवून घेतं ते. मेजर लीगच्या युनियनमध्ये त्यांना जागाच नव्हती, त्यामुळे मिलर, फ्लड, साइट्झ, सगळं यांच्या वाट्याला आलंच नाही. उलट २०१८ मध्ये अमेरिकन संसदेनं खर्चाच्या एका मोठ्या बिलात घुसवून यांना किमान वेतनाच्या कायद्यातून जवळजवळ बाहेरच काढलं. २०२२ मध्ये क्लबनी राहायची सोय द्यायला सुरुवात केली, त्याच वर्षी हे खेळाडू युनियनमध्ये आले, आणि २०२३ च्या पहिल्या करारात ट्रिपल-ए चा (मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीचा) किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर झाला. मेजर लीगचा किमान पगार याच्या वीसपट आहे, आणि मधलं अंतर फक्त एका फोनचं.

रोजच्या दिवसात अलीकडे झालेला मोठा बदल म्हणजे २०२३ चा पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला घातलेली वेळेची मर्यादा. बेसवर समोरच्या टीमचा धावणारा कोणी नसेल तर पिचरला १५ सेकंद, बस. मॅच सरासरी तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. रात्रीच्या फ्लाइटवाल्या दिवशी हा वेळ खेळाडूंना चांगलाच जाणवतो. दुपारी एकची हजेरी मात्र अजून तिथेच आहे.